कुणाला ऐकवण्यासाठी न गायलेली गाणी

‘प्रत्येकाने एकदा तरी ऐकावीत अशी गाणी’ सुचवायला सांगितले की मराठी माणसाची यादी ठरलेल्या वाटेने जाते. गीतरामायणातले एखादे, हृदयनाथांची एक चाल, खळेकाकांची एक, भीमसेनांचा एक अभंग, आणि आपण अगदीच जुन्या वळणाचे नाही हे दाखवायला शेवटी अजय-अतुल. यादीत वावगे काही नसते. मात्र या सगळ्या गाण्यांत एक गोष्ट सारखी असते: ती कुणीतरी ऐकावीत म्हणूनच बांधलेली असतात. कुठे समोर माइक असतो, कुठे तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, कुठे तिकीट काढून आलेला प्रेक्षक. माझी शिफारस वेगळी आहे. जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. पुस्तकात वाचाव्यात असे नव्हे, ज्या बायकांनी आयुष्यभर दळण दळले त्यांच्याच आवाजात ऐकाव्यात. मराठीत सर्वांत जास्त तोंडांनी आणि सर्वांत जास्त काळ गायले गेलेले गाणे बहुधा हेच असेल, आणि ते गाताना समोर श्रोता नव्हता. ज्याने फक्त आपल्यासाठी गायलेले गाणेच ऐकले आहे, त्याला गाणे गाणाऱ्यासाठी काय करते हे कळायची संधीच मिळालेली नसते.

या गाण्याचे वय लहान नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर भाष्य करायला ओवी उचलली, त्याच्या दीडेकशे वर्षे आधीच मुसळाबरोबर ओवी चालू होती. पुढे ग्रंथातल्या ओवीचे पारायण झाले, तिला सोवळे-चौरंग मिळाला. दळणातली ओवी होती तिथेच, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहिली. पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून जाते दाखवतात आणि विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसे ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. देवाला दळायला बसवल्यावर तरी आपण कान द्यायला हवा होता. तसे झाले नाही. आपण कथा घेतली आणि चाल सोडून दिली.

आता थोडे जवळून पाहू. जात्याची खालची तळी हलत नाही, वरची खुंटा धरून फिरवायची, आणि मधल्या तोंडात मुठीने धान्याचा घास टाकायचा. एकटी बाई असेल तर एक हात खुंट्यावर, दुसरा वैरणीला. दोघी असतील तर समोरासमोर बसून खुंटा दोघींचा. घास पोटात असेपर्यंत दगडाची घरघर भरीव असते. तो संपत आला की दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज येऊ लागतो, आणि न बघताही हात मुठीकडे जातो. या घरघरीवर ओवी चालते. कागदावर ती दोन ओळींची असते, वाचायला दहा सेकंदही लागत नाहीत. गळ्यात आल्यावर तीच कितीतरी लांबते: ओळ अर्ध्यावर तुटते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ असे शब्द शिरतात, गायलेला तुकडा पुन्हा घेतला जातो, आणि बरेचदा समोरची बाई मागची उचलते. दुसरी ओळ यायला वेळ लागतो. त्या वेळात दळणारीला पुढचा शब्द जुळवता येतो, समोरच्या बाईला आपला काढता येतो. थोडक्यात, ज्या शब्दांना आपण ‘भरीचे’ म्हणून संपादनात कापतो, त्यांच्यातच ओवी रचली जाते.

म्हणूनच पुस्तकावर भागवणे मला पुरेसे वाटत नाही. पुस्तकांचे उपकार मोठे आहेत, यात शंका नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतून खंडामागून खंड काढले. ते नसते तर आज बोलायला विषयच उरला नसता. पण पुस्तकातून काय निसटते हे बहिणाबाईंच्या बाबतीत लख्ख दिसते. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली, ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी चाली लावल्या आणि ती घराघरांत पोचली. आज बहिणाबाई म्हटले की आपल्या कानात वाजते ती चित्रपटातली चाल. ती सुरेखच आहे, पण दळताना त्या स्वतः कुठे थांबत होत्या, कुठला शब्द ओढत होत्या, हे आता कुणीही सांगू शकत नाही. कवयित्री राहिली, गाणारी गेली.

सुदैवाने सगळ्याच गाणाऱ्या गेल्या नाहीत. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत काम करताना हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकात बायकांकडून ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. बघता बघता हे काम हजाराहून अधिक गावांत आणि तीन हजारांहून अधिक बायकांपर्यंत पोचले, आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करणारे संशोधक सोबत आले आणि ध्वनिमुद्रणे झाली. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केला: आवाज, मराठी शब्द, बाईचे नाव, गाव. एखाद्या भाषेत श्रमाच्या गाण्यांचा एवढा मोठा ठेवा फुकट ऐकायला मिळत असेल आणि ती भाषा बोलणाऱ्यांच्या ‘आवडत्या गाण्यां’त त्याचे नावही नसेल, तर दोष ओवीचा आहे असे मला वाटत नाही.

पहिला आक्षेप अर्थातच हा, की हे सगळे एकसुरी आहे. चार ओव्या ऐकल्या की पाचवी तशीच. खरे आहे, चाल एकच असते, चार-पाच सुरांत फिरते, तालवाद्य नाही, मध्ये संगीताचे तुकडे नाहीत. पण इथे मोजमापच चुकते. गाण्यात दर तीस सेकंदांना काहीतरी नवे घडले पाहिजे ही मागणी श्रोत्याची असते, आणि ही गाणी श्रोत्यासाठी नव्हतीच. तासभर दगड ओढणाऱ्या शरीराला न बदलणारी चाल हवी असते. ती हाताला आधार देते आणि डोके शब्दांसाठी मोकळे सोडते. बदल सगळा शब्दांत असतो, आणि तिथे तो थक्क करणारा आहे. माहेरच्या वाटेवरून ओवी पंढरीला जाते, तिथून भावाच्या लग्नाकडे वळते, मध्येच सासूला टोमणा मारते. रामायण येते तेव्हा ते बहुतेक सीतेचे असते. रावणाशी झालेल्या युद्धापेक्षा गरोदर बाईला रानात पाठवले ही गोष्ट बायकांनी जास्त लक्षात ठेवली आणि रामाला त्याबद्दल सहजासहजी सोडले नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या १९९६ साली मुद्रित झालेल्या ओव्यांत दैवताच्या जागी डॉ. आंबेडकर आहेत. चाल तीच, घरघर तीच, आणि गाणे एका वेगळ्याच इतिहासात उभे. एकसुरीपणाची तक्रार करणाऱ्याने बहुधा चाल ऐकलेली असते, ओवी ऐकलेली नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो बायकांकडूनच यायला हवा: जात्याचे कौतुक कशाला? पहाटे कोंबडे आरवायच्या आधी उठून घरच्या सगळ्या तोंडांचे पीठ काढणे ही हमाली होती. गावात गिरणी आली तेव्हा जाते सुटल्याचे दुःख कुठल्या बाईला झाले असेल? कुणालाच नाही, आणि होऊही नये. पर्यटनगृहाच्या अंगणात जाते मांडून, नऊवारी नेसून छायाचित्र काढणाऱ्यांची मला भीतीच वाटते. स्टुडिओत बासरी, तबला आणि कोरस घालून केलेल्या ‘अस्सल’ ओवीचेही तसेच. तीत श्रम ऐकूच येत नाहीत, उरतो तो पहाटेचा गोडवा. मूळ मुद्रणे ऐकली तर उलट घडते. तिथे थकवा आवाजातच असतो. शिवाय ओवी ही दळणाची स्तुती नव्हे. ज्या घरात सुनेने उलट बोलायचे नाही, त्या घरात सगळे झोपलेले असताना, दगडाच्या आवाजाआड, जे बोलायचे ते बोलून घेण्याची ती सोय होती. हमाली गेली हे चांगलेच झाले. हमालीबरोबर ती बोलण्याची जागाही गेली, आणि तिथे काय बोलले गेले ते ऐकण्यासाठी हमाली परत आणावी लागत नाही.

मग प्रश्न असा, की जे कुणाला ऐकवण्यासाठी नव्हते ते आपण ऐकावे का? हा आक्षेप फारसा कुणी घेत नाही, पण मला तोच सर्वांत अवघड वाटतो. सासूबद्दलची ओवी सासू झोपेत आहे या भरवशावर गायलेली असते. माझे उत्तर अर्धवटच आहे. या बायकांनी मुद्रण होते आहे हे ठाऊक असताना गायले, आणि प्रत्येक ओवीवर गाणारीचे नाव राहिले. आपल्याकडे तबकडीवर, कॅसेटवर आणि आता मोबाइलवरही अशा गाण्यापुढे गीतकाराच्या जागी एकच शब्द छापण्याची रीत आहे: ‘पारंपरिक’. नम्र दिसणारा हा शब्द प्रत्यक्षात हजारो कवयित्रींची नावे पुसतो आणि चाल कुणीही उचलावी अशी मोकळी करून ठेवतो. चोरून ऐकणे कोणते, असे कुणी विचारले तर मी नाव गाळून ऐकण्याला ते म्हणेन.

राहता राहिले, ऐकावे कसे. लाखाचा आकडा बघून घाबरू नये आणि ‘उत्तम दहा’ही शोधू नयेत. एक बाई निवडावी आणि तिच्याच सलग दहा-बारा ओव्या ऐकाव्यात. पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता. मराठवाड्यातली किंवा मावळातली बोली असेल तर निम्मे कळणार नाही, काही बिघडत नाही. दुसऱ्यांदा शब्द वाचत ऐकावे आणि पहिल्या ओळीनंतर ती कुठे रेंगाळते तिकडे लक्ष द्यावे. पुढची ओळ तिला आठवते आहे की आत्ता सुचते आहे, हे तिथे ओळखू येते का ते बघावे. पुष्कळदा येत नाही.