नांवावरून पारख

नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. ती संगणकावरील फाईलींसही तंतोतंत लागू पडते, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानीं आलें आहे.

गोंदियाजवळील मुर्रीसारख्या गांवांतूनही हल्लीं शिष्यवृत्तीचा अर्ज व त्यासोबतचे दाखले संकेतस्थळावरच सादर करावे लागतात. अर्जांत पीडीएफ मागितलेली असते. पालकांजवळ दाखल्याचें मोबाईलनें काढलेलें छायाचित्र असतें. मग कोणी शहाणा फाईलीच्या नांवाअखेरचीं 'जेपीजी' हीं अक्षरें पुसून तेथें 'पीडीएफ' असें लिहितो. एखादें संकेतस्थळ केवळ नांव वाचून ती फाईल घेतें आणि अर्ज पोंचला असें कळवितें. पुढें तपासणाऱ्याच्या संगणकावर ती उघडत नाहीं, अर्ज मागें येतो, आणि तोंपर्यंत मुदत टळून मुलाची वर्षाची शिष्यवृत्ती बुडते. लोक पालकांस अडाणी ठरवून मोकळे होतात. आमच्या मतें मोठा दोष नांवावर विसंबणाऱ्या द्वारपालाचा आहे.

फाईलीची खरी जात नांवांत नसून अंतरंगांत असते. पीडीएफचा आरंभ टक्क्याचें चिन्ह व 'पीडीएफ' या अक्षरांनीं होतो. जेपीजी चित्राच्या आरंभीं निराळीच ठराविक खूण असते. अंतरंग पाहून जात सांगणारी 'फाइल' नांवाची आज्ञा युनिक्स प्रणालींत सन १९७३ पासून आहे. म्हणजे ही विद्या नवी नव्हे. फाईल पाठवितांना ब्राउझर तिचा जो प्रकार सांगतो, तो बहुधा नांवावरूनच काढलेला असतो. ती स्वतंत्र साक्ष नव्हे. आरंभींची खूणही सर्वत्र पुरत नाहीं. वर्डची डॉक्स फाईल आणि अँड्रॉइडची एपीके या दोन्ही 'पीके' या अक्षरांनीं सुरू होतात, कारण दोन्ही मुळांत झिपचे गठ्ठेच आहेत. तेथें गठ्ठा सोडून आंतील वस्तु पाहाव्या लागतात. आमच्याकडील भाताचा व्यापारी पोत्यावरील चिठ्ठी वाचून भाव ठरवीत नाहीं. पोत्यांत टोकदार नळी खुपसून दाणे तळहातावर घेतो. तोच हा न्याय.

ही पारख न केल्यास काय होतें, तें सन २०२५ च्या ऑगस्टमध्यें हिंगोलीस दिसलें. एका सरकारी नोकरास व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. वरून ती पीडीएफ भासे. वस्तुतः ती फोनमध्यें शिरणारी एपीके होती. ती उघडल्यावर त्यांचे सुमारें १ लाख ९० हजार रुपये गेले.

उत्पत्तीच्या पुस्तकांतील इसहाकाची कथा आमच्या मुलांस परिचित आहे. दृष्टि मंदावलेल्या त्या वृद्धास आवाज एका पुत्राचा व हात दुसऱ्याचे वाटले. दोन साक्षी जुळत नव्हत्या. तरी त्यानें केंसाळ कातड्यावर भरंवसा ठेविला, आणि ज्यास द्यावयाचा त्याच्या मनांत नव्हता त्यास आशीर्वाद गेला. साक्षी जुळत नसतील तेथें थांबून विचारावें, हा बोध आम्ही त्यांतून घेतों.

कोणी म्हणतील, अशा कडक तपासणीनें खेड्यांतील माणसाचा त्रास वाढेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. 'हें छायाचित्र आहे, पीडीएफ नव्हे' असें मराठींत त्याच क्षणीं सांगणारी तपासणी उपकारच करिते; आरंभीं मौन धरून महिन्यानें नाकारणारी तीच खरी क्रूर होय. किंबहुना छायाचित्र ओळखतां आलें, तर त्याची पीडीएफ संकेतस्थळानेंच करून घ्यावी; तें कठीण नाहीं.

विद्यार्थ्यांनीं इतकेंच करावें: नांव बदलून वस्तु बदलत नाहीं हें घरच्यांस समजावून सांगावें, दाखल्याची पीडीएफ फोनमधील योग्य साधनानेंच करावी, आणि पाठविण्यापूर्वीं ती एकदां उघडून पाहावी. तुमच्यापैकीं कांहीं उद्यां अशीं संकेतस्थळें रचतील. त्यांनीं द्वारीं येणाऱ्याचें नांव अवश्य विचारावें, परंतु पारख अंतरंगाची करावी. मग प्रामाणिक माणूस परत जाणार नाहीं व लबाड आंत शिरणार नाहीं.