शर्यत घड्याळाशी

चार महिन्यांपूर्वी आमची पुतणी सायकलच्या दुकानातून एक कोटेशन घेऊन आली. आकडा होता दोन लाख साठ हजार. टाइम ट्रायलची खास सायकल. भाईजाननी तो कागद आमच्यापुढे सरकवला आणि एवढंच म्हणाले, "तुम्हीच सांगा." हे पैसे तिच्या इंजिनिअरिंगच्या पुढच्या फीसाठी बाजूला काढलेले आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. म्हणून ती हट्ट करत नव्हती, नुसती कागदाकडे बघत बसली होती.

आम्हाला विचारायचं कारण असं, की या बाबतीत एकदा आमचे हात पोळले आहेत. पाच वर्षांपूर्वी आमच्या मुलासाठी आम्ही कार्बनची महाग चाकं घेतली, हँडलवर एरो बार बसवले, आणि दुसऱ्याच दिवशी तो वर्दळीच्या रस्त्यावर त्या बारवर कोपरं टेकून निघाला. समोर खड्डा आला. हात ब्रेकपासून लांब. कॉलर बोन मोडलं, आणि ती चाकं आज माळ्यावर आहेत. चूक चाकांची नव्हती, आमची होती. आम्ही सामान आधी घेतलं आणि शिकणं नंतरसाठी ठेवलं.

टाइम ट्रायल म्हणजे एकट्याची शर्यत. ठरलेलं अंतर, एकेक स्पर्धक ठरावीक वेळाने सुटतो, दुसऱ्याच्या पाठीमागे लपून वारा चुकवण्याची परवानगी नाही. ज्याची वेळ सर्वांत कमी, तो पहिला. ऐकायला सोपं वाटतं, पण खरा विरोधक असते हवा. सपाट रस्त्यावर वेग चांगला वाढला की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद सुमारे एक तृतीयांश जास्त लागते. आणि ही हवा अडवतं कोण? साधारण तीन चतुर्थांश वाटा सायकलस्वाराच्या शरीराचा, उरलेला सायकलचा. म्हणजे अडीच लाख खर्चायचे ते त्या लहान वाट्यावर!

हे आम्ही सांगितलं तेव्हा पुतणी म्हणाली, "चाचा, मग मोठे खेळाडू ती सायकल का घेतात?" प्रश्न बरोबर आहे. ज्यांनी शरीराची बैठक आधीच घोटून घेतली आहे, त्यांच्यासाठी काही सेकंदही मोलाचे असतात. 1989च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचा, 24.5 किलोमीटरचा टाइम ट्रायल होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. तो ट्रायथलॉनवाल्यांचे लांब बार लावून, हात जवळ घेऊन, डोक्यावर निमुळतं हेल्मेट घालून निघाला. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ साध्या वाकड्या हँडलवर, उघड्या डोक्याने, मागे शेंडी उडवत. लेमाँडने सगळी शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. पण लक्षात घ्या, त्या बारमुळे मुख्य फरक पडला तो त्याच्या बसण्यात.

तेव्हा आम्ही जे ठरवलं ते असं. तिच्याकडे सेकंड हँड रोड बाईक आहे, तीच वापरायची. चेन स्वच्छ, गिअर नीट, चांगले 25 किंवा 28 मिलिमीटरचे टायर. हवा दगडासारखी ठासून भरायची नाही; आपल्या खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उड्या मारतो आणि वेग खातो. हेल्मेट डोक्याला घट्ट बसणारं. अंगाला बसणारे कपडे, कारण फडफडणारा शर्ट म्हणजे फुकटचा ब्रेक. एरो बार मात्र नंतर, आणि तेही हँडलला चालतात का हे विचारूनच. कार्बनचं काही हँडल बार आवळल्यावर तडकू शकतं.

भाभींची काळजी वेगळी होती. "हे सगळं घट्ट कपड्यांचं काय?" आमच्या घरांत हा प्रश्न येतोच, त्यात हसण्यासारखं काही नाही. आम्ही त्यांना मासूमा अलीजादाबद्दल सांगितलं. ही अफगाण मुलगी काबूलमध्ये सायकल चालवायची तेव्हा लोकांच्या शिव्या खायची, दगडही. पुढे तिला कुटुंबासह फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. 2021 मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून ती टाइम ट्रायलमध्येच उतरली. हेल्मेटखाली हिजाब, पूर्ण बाह्या, पूर्ण पाय झाकलेले. 25 जणींत ती शेवटची आली. 22.1 किलोमीटरला तिला 44 मिनिटं लागली, पहिलीला 30. भाभी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "शेवटची आली तरी गेली ना!"

व्यवहाराची गोष्ट एवढीच: पूर्ण बाह्यांची जर्सी आणि लांब टाइट्स मिळतात. हिजाब पातळ, ताणणाऱ्या कापडाचा असावा, गाठ किंवा पिन हेल्मेटखाली येऊ नये, आणि हेल्मेट घेताना हिजाब घालूनच मापाचं बघावं. ओढणी आणि सलवारचा घेर चेनजवळ नको. हे फॅशनचं नव्हे, हाडांचं बोलतोय आम्ही.

सरावासाठी गावाबाहेरचा आठ किलोमीटरचा सरळ तुकडा निवडला, जाऊन येऊन सोळा. फजरनंतर लगेच निघायचं, तेव्हा रस्ता मोकळा असतो. भाईजान स्कूटरवर मागे, पण बरंच अंतर ठेवून. पहिल्या दिवशी पुतणी सुटली ती बाणासारखी. जाताना 15 मिनिटं. येताना मात्र साडेएकोणीस, आणि शेवटी ओठ पांढरे. तीन दिवसांनी आम्ही सांगितलं, पहिली पाच मिनिटं अशी चालव की तुला वाटेल आपण फारच हळू जातोय. जाताना 16 मिनिटं 40 सेकंद, येताना 16 मिनिटं 20. एकूण दीड मिनिटाचा फायदा, एक रुपया न खर्चता. नवशिक्याची सर्वांत मोठी चोरी सुरुवातीच्या दोन किलोमीटरमध्ये होते, आणि चोर तो स्वतःच असतो.

आठवड्याचा क्रम साधा ठेवला. दोन दिवस जोराचं काम: वीस मिनिटं अंग गरम करून आठ मिनिटांच्या तीन फेऱ्या, एका वेगाने, दोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतक्या जोरात, मध्ये पाच मिनिटं हलकं. पुढे फेऱ्या दहा, मग बारा मिनिटांच्या. एक दिवस दोन तास आरामात, गप्पा मारता येतील असं. एक दिवस हलकं, बाकी विश्रांती. ताकद मोजणारं पॉवर मीटर लागलंच नाही. साधं घड्याळ आणि वही. रमजानमध्ये जोराच्या फेऱ्या बंद, इफ्तारच्या आधी अर्धा-पाऊण तास हलकी सायकल, तीही बरं वाटलं तर.

एरो बार दोन महिन्यांनी बसवले, काही हजारांत. आधी घरातच, मागचं चाक ट्रेनरवर चढवून. कोपरं गाद्यांवर, खांदे सैल, मान न ताणता समोर बघायचं. फार खाली वाकलं की गुडघे पोटाला लागतात आणि श्वास कोंडतो, म्हणून पुढचा भाग एकदम खाली आणला नाही. सुरुवातीला दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. रस्त्यावर मात्र नियम पक्का: वळण, चौक, खड्डा, कुत्रं, समोरून येणारं वाहन, जोराचा वारा, यांपैकी काहीही दिसलं की हात लगेच ब्रेकवर. घोळक्यात बारवर टेकायचं नाहीच. आमचा मुलगा तिला हे शिकवायला स्वतःहून आला. माळ्यावरच्या चाकांचा विषय तेवढा काढला नाही त्याने.

गेल्या आठवड्यात तिने तोच तुकडा 31 मिनिटं 50 सेकंदांत पार केला. पुढच्या महिन्यात पहिली शर्यत आहे. नोंदणीसाठी वयाचा पुरावा लागतो, आणि नवशिक्यांच्या काही गटांत एरो बार चालतच नाहीत, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्यावं. तिच्या गटात चालतात. फी वेळेवर भरली गेली. कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती आता आपल्या वेळा लिहिते.