हृदय आपले, परिचय अपुरा

मराठी माणूस हृदयाविषयी जितके बोलतो, तितके दुसऱ्या कोणत्याही अवयवाविषयी बोलत नसेल. भीतीने त्याच्या काळजाचा ठोका चुकतो, दुःखाने काळजाला घरे पडतात, आनंदाने ऊर भरून येतो. मात्र हे हृदय शरीरात कसे बसविले आहे, असे विचारल्यास सुशिक्षित घरांतही उत्तर मिळते, "डाव्या बाजूला असते आणि धडधडते." ज्या ग्वाल्हेरीत १९४६ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि ज्या समाजाने इतके डॉक्टर दिले, तेथे ही स्थिती असावी याचा दोष प्रथम आम्हा डॉक्टरांकडे येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी लष्कर भागातील एका परिचित काकूंना पहाटे 'कसेसेच' होऊ लागले. छातीत कळ नव्हती. घाम, मळमळ आणि जबड्यात जडपणा एवढेच. घरच्यांनी वायू धरला असे समजून ओवा दिला, मग सोडा दिला, मग त्यांना निजू दिले. मला बोलावणे आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काकू वाचल्या; पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग गेला तो गेलाच. पुढे घरातला जिनासुद्धा त्यांना डोंगर झाला. त्यांचा अभियंता मुलगा मला म्हणाला, "डॉक्टरकाका, हृदय तर रक्तानेच भरलेले असते. मग त्यालाच रक्त कमी कसे पडेल?" प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर त्याला आदल्या दिवशी ठाऊक असते, तर ती सकाळ वाया गेली नसती.

हृदय म्हणजे मुठीएवढा, सुमारे २५० ते ३५० ग्रॅम वजनाचा स्नायूंचा पंप. तो दोन फुप्फुसांच्या मधोमध, उरोस्थीच्या मागे असतो. फक्त त्याचे टोक डावीकडे झुकलेले असते. त्यात चार कप्पे आहेत. वरची दोन अलिंदे रक्त स्वीकारतात, खालची दोन निलये ते पुढे ढकलतात. उजवी बाजू शरीरातून परतलेले रक्त फुप्फुसांकडे पाठविते. डावी बाजू तेथून प्राणवायू घेऊन आलेले रक्त महारोहिणीवाटे सर्वांगाला पुरविते. साहजिकच डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते. हृदयाकडून रक्त नेतात त्या रोहिणी, हृदयाकडे आणतात त्या नीला. रक्त असे चक्राकार फिरते, हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडले. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या माल्पिगीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखविल्या. विश्रांतीतही हा पंप मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवितो आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देतो.

झडपा समजावून सांगण्यास ग्वाल्हेरकरांना तिघऱ्याहून चांगले उदाहरण नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळ खडकवासला येथे १९०३ मध्ये बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांची पद्धत पुढे आपल्या तिघरा धरणावर आली. पाणी ठराविक पातळीवर चढले की दार आपोआप उघडावे, उतरले की मिटावे, ही त्यातली युक्ती. हृदयाच्या चारही झडपा अशाच रक्ताच्या दाबाने उघडतात व मिटतात आणि रक्ताला मागे फिरू देत नाहीत. आम्ही स्टेथोस्कोपने ऐकतो तो 'लब-डब' आवाज त्या मिटण्याचाच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. कप्प्यांतील रक्त हृदयाच्या जाड भिंतीचे पोषण करू शकत नाही. त्यासाठी महारोहिणीच्या उगमापाशीच दोन हृद्-रोहिणी फुटतात आणि हृदयाच्या पृष्ठभागावर पसरून स्नायूत शिरतात. धरण काठोकाठ भरलेले असले तरी घरचा नळ तुंबला तर घागर रिकामीच राहते. हृद्-रोहिणीत गुठळी अडकली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरू लागतो आणि ही हानी पुढे काही तास पसरत जाते. गुठळी विरघळविणारे औषध असो वा अँजिओप्लास्टी, उपचार जितका लवकर तितका स्नायू अधिक वाचतो. हृदयाच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतू हाताकडून येणाऱ्या मज्जातंतूंबरोबर मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात. म्हणून दुखणे हृदयाचे असूनही ते हातात किंवा जबड्यात जाणवते. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेहींत तर छातीतली कळ कधी कधी नसतेच. त्यात आपल्या घरांतील बायका स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी सांगतात!

काही व्यवसायबंधू म्हणतात, अर्धवट ज्ञानाने लोक घाबरतील आणि प्रत्येक ढेकरेला ई. सी. जी. काढावयास येतील. यात तथ्य आहे. काही जण विनाकारण येतील. पण विनाकारण काढलेली कागदाची पट्टी फेकून देता येते, मेलेला स्नायू परत आणता येत नाही. शिवाय लोक आजही घाबरतातच. ज्ञानाने त्या घाबरण्याला निदान योग्य दिशा मिळेल.

रक्तदाब आणि साखर तपासण्याची शिबिरे आपण भरवितो, ती चालूच राहावीत. त्यांच्या जोडीला गणेशोत्सवातील एक संध्याकाळ हृदयाला द्यावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. हृदयाची प्रतिकृती हाती घेऊन, घरच्या मराठीत, अर्धा तास समजावून सांगावे. नंतरचा अर्धा तास, हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा कसे दाबावे, हे प्रत्येकाकडून करवून घ्यावे. १०८ हा क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ असावा. आणि पहिल्या रांगेत काकू, मावशी, आजी यांना बसवावे.

त्या अभियंता मुलाचा प्रश्न कोणत्याही घरात पुन्हा दुपारी दोन वाजता विचारला जाऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.