रंगाने दिलेली कबुली

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांची चित्रे पाहून आपले पुष्कळ विद्यार्थीमित्र हरखून जातात. माझ्या मते त्या पोलादापेक्षा त्यावरील रंग अधिक खरे बोलतो. १९४० च्या उन्हाळ्यात, रंगाची बचत म्हणून, एकट्या गडद करड्या रंगाचा हुकूम निघाला. जिंकत चाललेल्या सैन्यास दडण्याची निकड ती कितीशी असणार? १९४१ च्या आरंभी तेच करडे रणगाडे त्रिपोलीस उतरले. वाळवंटात ते दुरूनही उठून दिसत. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात रशियातील बर्फात त्यांना पांढरा चुना फासावा लागला!

स्टालिनग्राड पडले त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९४३ मध्ये, गडद पिवळा हा मूळ रंग ठरला. त्यावर हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे ओढणे सैनिकांवर सोपविले गेले. घट्ट रंग पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवावयाचा. पण पेट्रोलचीच वानवा, आणि पाण्यात कालविलेला रंग पावसात टिकेना. १९४४ मध्ये तर काही कारखान्यांतूनच पानांतून झिरपणाऱ्या कवडशांसारखे ठिपके रंगवून येऊ लागले, कारण आकाश आता शत्रूच्या विमानांचे होते. अर्धा युरोप तुडविणाऱ्यांवर झाडाची सावली अंगावर रंगवून घेण्याची वेळ आली. अखेरीस कित्येक रणगाडे गंजरोधक तांबड्या अस्तरावर थोडासा रंग मारूनच रणांगणावर धाडले गेले.