ती भिंत रंगवू नका

सोमवारी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला फाटकाशी गेले, तर शेजारच्या वहिनी तिथंच उभ्या. मुंबईचं नाटक येतंय, टीव्हीवरचा नट आहे, बुकिंग उघडल्या उघडल्या पुढच्या रांगा गेल्या, हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता पाहा ना बाई, वर्षातून दोन-चार नाटकं येतात. आपल्या नागपुरात नाटकं होतातच कुठं जी?"

मी काही बोलले नाही. दूध घेतलं नि आत आले. पण चहा गाळताना हात थांबला. आदल्याच रात्री मी नागपुरातल्या लोकांनी नागपुरात केलेलं एक नाटक पाहून आले होते. घरी पोचायला अकरा वाजले होते आणि त्या नाटकातली एक भिंत अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हती. वहिनींवर राग नाही. नाटकाची आवड असलेली बाई आहे ती, तिकीट काढून जाणारी. तिच्यापर्यंत ही बातमी पोचत नाही, याचं वाईट वाटलं.

थोडक्यात सांगते. थंडी पडू लागली की राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा सुरू होते. साठीवर आवृत्त्या झाल्या तिच्या. राज्यभर केंद्रं असतात, त्यातलं एक नागपूर. आपल्याकडची प्राथमिक फेरी अलीकडे लक्ष्मीनगरातल्या सायंटिफिक सभागृहात होत आली आहे. संध्याकाळ झाली की एक नवं नाटक. समोर परीक्षक, हातात पेन. तिकीट चहा-समोशाच्या भावाचं. पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं. बाकीच्यांचा पडदा तिथंच पडतो.

मी पाहिलेलं नाटक धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या एका घराचं होतं. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत, त्यामुळे कथानक सांगत बसत नाही. करणारी मंडळी कोण? एक बँकेतला कॅशियर, एक शाळामास्तर, कुरिअरच्या गाडीवरचा एक मुलगा. म्हातारीचं काम करणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. दोन महिने हे सगळे रात्री आठ ते साडेदहा एका शाळेच्या वर्गात बाकडी भिंतीला सरकवून तालीम करत होते.

त्या मुलीनं केलेली एक गोष्ट सांगते. नाटकात म्हातारी पाच-सहा वेळा खाली बसते. दर वेळी बसण्याआधी ती उजवा तळहात मागच्या भिंतीवर ठेवायची, क्षणभर थांबायची नि मग टेकायची. भिंतीला विचारून बसावं तशी. शेवटच्या प्रवेशात सामान बैलगाडीत चढलेलं असतं, ती सवयीनं हात मागे नेते आणि भिंतीपाशी पोचायच्या आधीच तो हात परत घेते. संवाद एक नाही. सभागृहात आम्ही साठ-सत्तर माणसं असू, आणि माझ्या मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले, ते मला न वळता कळलं.

या सदराच्या वाचकांना माझी सवय ठाऊक आहे. पडदा पडल्यावर मी दहा मिनिटं जागची उठत नाही. त्या दिवशीही बसून राहिले, आणि मग रंगपटात गेले. ती मुलगी खोबरेल तेलानं तोंडावरच्या सुरकुत्या पुसत होती. केसांतला पांढरा रंग तसाच होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वळून म्हणाली, "काकू, झालं न आता. उद्या आठ वाजता मी काय करू?"

मला उत्तर देता आलं नाही. बाहेर आले, तर मागच्या दाराशी एक छोटा हत्ती उभा होता आणि दोन पोरं ती भिंत उचलून आणत होती. नाटकातली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. रंगमंचावर तिनं शंभर वर्षांच्या घराचा भार उचलला होता. इथं दोघांनी तिला आडवी करून गाडीत सरकवली. दिव्याखाली मी ती जवळून पाहिली. खाली गेरूचा पट्टा, वर चुना, ओल चढल्याचे डाग, नव्या सुनेच्या कुंकवाच्या हातांचे ठसे. आणि दाराच्या चौकटीशी कोळशाच्या बारीक रेघा, एकीवर एक. दर तान्ह्या पोळ्याला नातवाला लाकडी बैलासकट तिथं उभं करून त्याची उंची मापायची, त्या रेघा. तिसऱ्या रांगेतून त्या मला दिसल्याही नव्हत्या. मागच्या रांगेतल्या माणसाला तर दिसणं शक्यच नव्हतं. तरी कोणीतरी गुडघ्यावर बसून त्या ओढल्या होत्या.

"या भिंतीचं आता काय करता?" मी विचारलं.

"गोडाऊनले परत जाते जी. पुढच्या हप्त्यात दुसऱ्या ग्रुपचं नाटक हाये, त्याईले पोलीस ठाणं पाह्यजे. याच्यावरच रंग मारतो."

गाडी आठ रस्ता चौकाकडे गेली. मी तिथंच उभी राहिले. माझ्या मनात तेव्हापासून घोळतंय ते एवढंच, की दोन महिन्यांच्या तालमीनंतर हे नाटक दोन तास जगलं. त्याला दुसरा प्रयोग नाही.

नाटक पहिल्या प्रयोगात जन्माला येतं, पण चालायला शिकतं ते पुढच्या प्रयोगांत. नटाला हशा कुठं येतो, हुंदका कुठं येतो, हे तालमीच्या वर्गात कळत नाही, ते माणसांसमोरच कळतं. पहिल्या प्रयोगात नट संवाद आठवत असतो. पाचव्या-सहाव्या प्रयोगात तो समोरच्याचं ऐकू लागतो. आपल्याकडच्या हौशी नटाच्या वाट्याला ती सहावी संध्याकाळ येतच नाही. दर वर्षी पहिला प्रयोग, दर वर्षी नवं नाटक, दर वर्षी नवी भिंत.

जुनी माणसं सांगतील की नागपूर असं नव्हतं. माझ्या आईनं मला पहिलं नाटक दाखवलं ते सीताबर्डीच्या धनवटे रंगमंदिरात, विदर्भ साहित्य संघाच्या. मी फ्रॉकमध्ये होते, आणि तिसऱ्या घंटेनंतर दिवे मंद होताना आईनं माझा हात दाबला, तेवढं आठवतं. ते रंगमंदिर आता नाही. त्याच शहरात पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी रंजन कला मंदिर चालवलं आणि कितीतरी मुलांना रंगमंचावर उभं राहायला शिकवलं. १९६७ च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं, त्याचे लेखक-दिग्दर्शक आपले हे मास्तर, आणि खांसाहेब झालेले वसंतराव देशपांडे बालपणापासून नागपूरच्या मातीत वाढलेले. आज सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला वसंतरावांचंच नाव आहे. पण 'कट्यार' उभं केलं मुंबईच्या नाट्यसंपदेनं. महेश एलकुंचवार नागपुरात राहून लिहितात; 'वाडा चिरेबंदी'तलं धरणगाव आपल्या विदर्भातलं, भाषा वऱ्हाडी, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आपल्याकडचा, आणि तो वाडा विजया मेहतांनी १९८५ मध्ये पहिल्यांदा उभा केला तो मुंबईच्या रंगमंचावर. मुंबईनं केलं हे चांगलंच केलं, मी त्याबद्दल ऋणी आहे. नागपूर लिहितं, नागपूर गातं, नागपूर नट घडवतं. मात्र नाटक सांभाळून वर्षभर चालवणारं घर नागपूरला अजून बांधता आलेलं नाही.

स्पर्धेतल्या नाटकाला पुढचं आयुष्य असू शकतं, याचा मोठा दाखला मराठीतच आहे. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात राज्य नाट्य स्पर्धेसाठीच पहिल्यांदा उभं राहिलं. त्या वर्षी ते पहिलंसुद्धा आलं नाही, दुसरं आलं. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेनं ते थांबवलं. तेव्हा त्यातल्या तरुण मंडळींनी थिएटर अकादमी काढली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं. पुढे ते युरोपपर्यंत गेलं. पन्नासेक माणसांचं ते नाटक एका संध्याकाळी निकाल लावून गोदामात टाकलं असतं, तर मराठी रंगभूमीचं केवढं नुकसान झालं असतं! निकाल हा त्या संध्याकाळचा असतो. नाटकाचं खरं माप पुढच्या संध्याकाळी लागतं.

आणि पुण्यापर्यंत तरी कशाला जायचं? नागपूरहून तीन-साडेतीन तासांवर वडसा आहे, झाडीपट्टीचं नाट्यमाहेर. दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या गावांची माणसं तिथल्या नाट्यमंडळांकडे येतात आणि आपल्या गावासाठी नाटक ठरवून जातात. मंडई असते, शंकरपट असतो, दिवसा बैल धावतात आणि रात्री दहा-अकराला नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. गाणं आवडलं की वन्स मोअर. लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामाला येतात, आणि नाटकाला आलेल्या पाहुण्यांत पुढच्या सोयरिकींची बोलणीही होऊन जातात. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ते याच रंगभूमीचे. पाच हजारांवर प्रयोग केलेला माणूस! ही संख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या स्पर्धेतली ती मुलगी मला दिसली नव्हती. आता दिसते. तिच्या खात्यावर म्हातारीचा एक प्रयोग आहे.

झाडीतली गावं श्रीमंत नाहीत. पण नाटक ही गावानं करायची गोष्ट आहे, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाव नाटकाला बोलावतं, म्हणून नाटक गावोगाव फिरतं. आम्ही शहरातले लोक नाटक आपल्याकडे येण्याची वाट पाहतो, आणि सायंटिफिक सभागृहात स्पर्धेचा पडदा रोज उघडतो तेव्हा घरी असतो.

म्हणून यंदा मी एक ठरवलंय, आणि ते इथं लिहून टाकते म्हणजे मागे फिरता येणार नाही. दुसऱ्या प्रयोगाला काय लागतं, याची चौकशी केली. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र या नाटकांना स्पर्धेआधीच घ्यावं लागतं, ते हातात असतं. लेखकाची परवानगी आणि दर प्रयोगाचं मानधन लागतं. टेम्पोचं भाडं, चार दिव्यांचं भाडं, रंगभूषेचं सामान, पंधरा माणसांचा चहा-नाश्ता. आणि एक हॉल. आमच्या कॉलनीचा हॉल बारशाला नि साखरपुड्याला मिळतो, तसाच नाटकालाही मिळतो.

पैसे कुठून आणायचे? संक्रांत महिन्यावर आलीय. संक्रांत ते रथसप्तमी आमच्या गल्लीत एकामागून एक हळदीकुंकू चालतं आणि प्रत्येकीच्या घरून एक वाटी, एक चाळणी नाहीतर एक प्लॅस्टिकचा डबा येतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर असल्या वाट्यांची उतरंड आहे. या वर्षी आम्ही सहा घरांनी वाण एकत्र करायचं ठरवलंय. सहा घरांच्या वाणाच्या पैशांत टेम्पो, दिवे आणि मानधन निघतं, हिशेब करून पाहिला. येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून नाटकाचं एक तिकीट. कपाळाला कुंकू लावून सगळ्याजणी हॉलमध्ये येऊन बसतील, घरच्या माणसांनाही आणतील, आणि समोर ती म्हातारी भिंतीवर हात ठेवून बसेल.

नागपुरात अशा गल्ल्या किती असतील! महाल, धरमपेठ, नंदनवन, जरीपटका, मानेवाडा. प्रत्येक गल्लीनं एका नाटकाला एक संध्याकाळ दिली, तर स्पर्धेतलं एकही नाटक एका प्रयोगात मरणार नाही. निकालात शेवटचं आलेलंसुद्धा नाही.

बुधवारी मी गोदामवाल्या भाऊंना फोन लावला.

"भाऊ, ती धरणाच्या नाटकातली भिंत रंगवली का हो?"

"उद्या घेतो म्हणत होतो बाई. काऊन?"

"नका रंगवू. जानेवारीत लागणार आहे."

ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "ठेवतो बाजूले. ठाण्यासाठी दुसरी पाहतो. रेघा बी ठेवू काय, कोयशाच्या?"

"रेघा तर ठेवाच भाऊ. पहिल्या रांगेला दिसतील या वेळी."

मग त्या मुलीला निरोप पाठवला. तिचं उत्तर संध्याकाळी आलं, लॅब सुटल्यावर. शाळेच्या शिपाईकाकांशी तिनं तेवढ्यात बोलूनही घेतलं होतं. सोमवारपासून रात्री आठला तो वर्ग पुन्हा उघडणार आहे.