कानाला सुट्टी नसते

परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. अशा ठिकाणी सायलेन्सर बदललेली एक मोटारसायकल रात्री फटफटत गेली, तरी कितीतरी रुग्णांची झोप मोडते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शांतता क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे.

झोपेतही कान जागाच असतो. अचानक मोठा आवाज झाला, की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा तयार होत नाहीत. ८५ डेसिबलच्या गोंगाटात रोज ८ तासांहून अधिक राहणे धोक्याचे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. नाक्यावर दिवसभर उभ्या असलेल्या हवालदाराचा आणि फेरीवाल्याचा विचार करा.

जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांचा एक प्रयोग गाजला. हिंदमातासह काही सिग्नलांवर हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलपुढे गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. धडा चांगला होता. पण रोजची शिस्त कायद्यानेच लागते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ध्वनिमर्यादा मोडणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली आहे. मात्र केवळ चालकाला दंड करून भागणार नाही. कर्णकर्कश सायलेन्सर विकणारे दुकान आणि ते बसवून देणारे गॅरेज यांच्यावरही कारवाई हवी.

आपल्या गावातील दवाखान्यासमोरही हाच नियम पाळावा. वाहनाचा मूळ सायलेन्सर बदलू नये, गरजेशिवाय हॉर्न वाजवू नये. कानात सतत गुणगुण होत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना वेळीच दाखवावे.