केकच्या बदल्यात गादी

आयोवाहून आलेला वाढदिवसाचा चॉकलेट केक अमेरिकी लष्करातला कॅप्टन प्रिंगल काळ्या बाजारात नेतो आणि त्याच्या बदल्यात एक गादी घेतो. केक गावाकडच्या मैत्रिणीने पाठवलेला; गादी मात्र जीपमधून बर्लिनच्या पडक्या इमारतींच्या रांगा ओलांडत पोचते एरिकाकडे. ती नाइटक्लबमध्ये गाते आणि कालपरवापर्यंत नाझी अधिकाऱ्यांच्या गोटात वावरत होती. बिली वाइल्डरच्या ‘अ फॉरिन अफेअर’मधलं (१९४८) प्रेम असं थेट टंचाईच्या हिशेबातून येतं, म्हणूनच ते मला खरं वाटतं.

बेचिराख बर्लिनमध्ये विनोदी प्रेमकथा रचणं हा निर्दयपणा आहे, असं अनेकांना वाटलं. मला ते पटत नाही. वाइल्डर याच शहरात पत्रकार आणि पटकथालेखक म्हणून घडला. हिटलर सत्तेवर आला तेव्हा, १९३३ मध्ये, त्याने बर्लिन सोडलं. त्याची आई नाझींच्या नरसंहारात मारली गेली. युद्ध संपल्यावर तो अमेरिकी लष्कराच्या कामासाठी तिथे परतला. ज्याचं इतकं गेलं, त्याने हसायचं ठरवलं तर त्या हसण्याला वजन असतं.

मार्लीन डीट्रिशची एरिका बघा. शहर पडलं तेव्हा काय काय भोगावं लागलं, हे ती अमेरिकी खासदार फीबी फ्रॉस्टला सुनावते, तेव्हा आपलं मन हेलावतं. पण हिटलरच्या शेजारी हसणारी तीच एरिका वाइल्डरने जुन्या वार्तापटात आधीच दाखवून ठेवली आहे. तिची भूक खरी आणि तिचा गुन्हाही खरा. एकाने दुसरं फिटत नाही. विशेष म्हणजे स्वतः डीट्रिश नाझींची कट्टर विरोधक. अमेरिकी सैनिकांसाठी ती युद्धकाळात गायली होती.

जीन आर्थरची फीबी सुरुवातीला फार कडक आहे, पण फायलींच्या कपाटांचे खण एकामागून एक ओढून ती जवळ येणाऱ्या प्रिंगलला अडवते, तो प्रसंग आजही तितकाच ताजा आहे. शेवटी जमणारी या दोघांची जोडी मात्र मला लादलेली वाटते.

जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी प्रशासनाने हा चित्रपट तिथे दाखवू दिला नाही. तो निर्णय चुकीचाच होता. चित्रपट पाहण्याचा पहिला हक्क बर्लिनकरांचा होता.